आतून का बाहेरून

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर माणूस नाही. आहे ते एक खडूचं वर्तुळ, टाक्यांच्या कारखान्यातल्या सिमेंटच्या जमिनीवर काढलेलं, पुरुषभर रुंद. छपराच्या पत्र्याला एक भोक पडलंय, त्यातून उन्हाचा झोत नेमका वर्तुळाच्या कडेवर उतरलाय. असा दिवा लावणारा माणूस नाटक कंपन्यांना शोधून सापडत नाही. उजव्या हाताला पत्रा वाकवायचं यंत्र: तीन जाडजूड लोखंडी रूळ, दोन खाली, एक वर. डावीकडे भिंतीला टेकवलेले पत्रे. मागे एक दार, दारापलीकडे राहत्या दोन खोल्या, आणि तिथून भांड्यांचा आवाज.

आता गुडघ्यांवर हात टेकत, कानामागे खडू खोचून जो माणूस आत येतो तो या खेळाचा नायक. नायक म्हणावं असं अंगात काही नाही. खांदे उतरलेले, भुवया ठिणग्यांनी अर्ध्या जळालेल्या, उजवी तर्जनी टेपच्या पट्टीनं कापून कापून खरखरीत झालेली. गल्लीत त्याला सगळे व्यास म्हणत. महाभारतातले नव्हेत, वर्तुळातला.

टाक्या करणं हा त्याचा धंदा. पाण्याच्या, तेलाच्या, रसायनाच्या, उभ्या, आडव्या, पण सगळ्या गोल. गिऱ्हाइकानं एकच आकडा सांगायचा.

"आरपार किती तेवढं बोला," व्यास म्हणे. "घेर मी सांगतो, पत्रा मी सांगतो, पोटात किती मावेल तेही सांगतो. बायकोशी पटेल का, एवढं मात्र विचारू नका."

आणि तो खरंच सांगे. आरपारला बावीसनं गुणायचं, सातनं भागायचं, घेर आला. आरपारचा वर्ग, गुणिले उंची, गुणिले अकरा, भागिले चौदा. पोटात किती ते आलं. एक मीटर चाळीस रुंद आणि दोन मीटर उंच टाकी म्हटली की गिऱ्हाईक खिशातून पेन काढेपर्यंत हा म्हणे, "तीन हजार ऐंशी लिटर. पुढे बोला." शिकलेली माणसं त्रिज्या, त्रिज्या करू लागली की त्याला हसू येई.

"त्रिज्या मोजायला मधला बिंदू लागतो बाबा. टाकीच्या मधोमध काय असतं? हवा. आता हवेला टेप कुठे अडकवू?"

हा त्याचा हुकमी विनोद. टाळ्या ठरलेल्या. पण एका दुपारनंतर तो विनोद त्यानं पुन्हा कधी केला नाही. त्या दुपारकडेच आपल्याला जायचं आहे.

व्यासनं लग्न केलं नाही. घरात तिघं: तो, त्याचा धाकटा भाऊ आणि भावाची बायको. गल्ली त्यांना धाकटा आणि धाकटी म्हणे, आपणही तेच म्हणू. धाकटा वेल्डिंगचा राजा होता. त्याचा जोड असा, की बोट फिरवलं तर दोन पत्रे कुठे भेटले ते कळू नये. पण एक खोड होती, प्रश्न विचारायची. पत्रा कापायच्या आधी विचारणार, वाकवायच्या आधी विचारणार, चहात साखर घालायच्या आधीसुद्धा बायकोला विचारणार.

"ही आली आमची प्रश्नपत्रिका," व्यास म्हणे. "अरे, देवानं तुला तोंड दिलं ते उत्तरं द्यायलाही दिलंय."

"दादा, उत्तरं तुझ्याकडे आहेत ना? मग एका घरात दोघांनी कशाला साठवायची?"

आतल्या खोलीतून धाकटी ओरडे, "एकजण विचारतो, एकजण सांगतो, आणि पानं कुणी वाढायची हे कुणीच विचारत नाही!"

असं ते घर.

या धंद्यात एक नियम आहे, बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे आलेला: नळी बाहेरून, टाकी आतून. पाचशेची नळी म्हणजे बाहेरून पाचशे मिलिमीटर, कारण नळी दुसऱ्या कशात तरी बसवायची असते. पाचशेची टाकी म्हणजे आतून पाचशे, कारण टाकीत काहीतरी भरायचं असतं. सोपा नियम. लहान पोरालाही कळेल.

त्या वर्षी एका कारखान्यानं तेजाबाची टाकी सांगितली. आतून दोन मीटर दहा, उंची तीन मीटर, दहा हजार तीनशे पंच्याण्णव लिटर. वर माणूस आत उतरण्यासाठी गोल तोंड, आणि त्या तोंडाला वीतभर उंचीचा गळा. नकाशावर गळ्याशेजारी आकडा होता: पाचशे. बाण आतल्या रेघेला लावलाय की बाहेरच्या, ते कळत नव्हतं. छापताना शाई पसरली होती.

धाकट्यानं नकाशा उन्हाच्या झोतात धरला. एकदा उलटा, एकदा सुलटा.

"दादा, गळा आतून का बाहेरून?"

व्यास तेव्हा दुसऱ्या टाकीच्या बुडावर खडू फिरवत होता. त्यानं मान वर केली. भिंतीला बारा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा एक तुकडा टेकला होता, पंधराशे चाळीस लांबीचा. व्यासच्या डोक्यात चक्र फिरलं. गळा बाहेरून पाचशे, तर पत्र्याच्या मधल्या जाडीवर चारशे अठ्ठ्याऐंशी. बावीसनं गुणा, सातनं भागा. पंधराशे चौतीस. तुकड्यात बसतो, सहा मिलिमीटर राखून. आतून पाचशे धरला तर सोळाशे नऊ. तुकडा पुरत नाही, नवा पत्रा आणा, दोन दिवस गेले.

"अरे, गळा म्हणजे काय?" तो म्हणाला. "नळीच. नळी बाहेरून."

"पण यातनं माणूस जायचाय, दादा."

"मग तुझ्यासारखा बारीक माणूस जाईल. वाकव."

धाकटा हसला. पत्रा रुळांत सरकवला आणि वाकवला. तिन्ही रूळ कुरकुरत फिरले, सपाट तुकड्याचं कडं झालं. त्यानं जोड मारला, बोट फिरवून बघितला, आणि गळा टाकीवर बसला.

टाकी गिऱ्हाइकाच्या कारखान्यात पोचली. तिथे दुसऱ्या लोकांनी तिला आतून रबराचं अस्तर लावलं, सहा मिलिमीटर जाड, गळ्यालासुद्धा. ते चिकटवायला वासाचा डिंक लागतो. चार दिवसांनी निरोप आला की आतल्या शिडीचा एक बोल्ट ढिला आहे. धाकटा पाना घेऊन गेला. दुपारची जेवायची वेळ, टाकीपाशी कुणी नव्हतं. बोल्ट एकच, काम दोन मिनिटांचं. तो उतरला. डिंकाची वाफ तळाशी बसली होती, डोळ्यांना न दिसणारी. तो तळाशी पोचला आणि तिथेच बसला. मग आडवा झाला.

जेवून परतलेल्यांना तो दिसला, त्यांनी बंबाला आणि व्यासला कळवलं. बंबवाले लवकर आले, अगदी लवकर. त्यांच्यातला एकजण मुखवटा चढवून, पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून टाकीवर चढला, गळ्यात पाय घातले, आणि छातीपाशी अडकला. सिलिंडर गळ्याच्या काठाला लागत होता. खाली जाईना, वर येईना. त्याला ओढून बाहेर काढलं. मग सिलिंडर पाठीवरून सोडवला, दोराला बांधला, आधी सिलिंडर सोडायचा आणि मागून माणूस, असं ठरलं. मुखवट्याची नळी पुरेना. तीही लांबवली. या सगळ्यात वेळ गेला. व्यास खाली उभा होता. वरच्या माणसांचे पाय त्याला दिसत होते. टाकीच्या पत्र्यावर त्यानं तळहात ठेवला होता. पत्रा गार होता.

डॉक्टर म्हणाले, सात-आठ मिनिटं आधी बाहेर आला असता तर.

चौकशीला एक साहेब आले. सभ्य माणूस, हळू बोलणारा. कारखान्याच्या कचेरीत त्यांनी व्यासला बसवलं, पाणी दिलं.

"गळा कितीचा केलात?"

"पाचशेचा."

"मागणी कितीची होती?"

"पाचशेची."

साहेबांनी लिहिलं: गळा मागणीप्रमाणे. व्यासच्या जिभेच्या टोकावर एक शब्द होता, फक्त एक. तो त्यानं पाण्याबरोबर गिळला. महिन्याभरानं कागद आला. मृत व्यक्ती कुणालाही न विचारता, दोर न बांधता टाकीत उतरली. मृत्यूचे कारण, मृत व्यक्तीचा बिनविचारीपणा.

धाकटीनं तो कागद तीनदा वाचला. मग ती म्हणाली, "न विचारता? हे?"



शब्द कागदावरून सुटला आणि गल्लीत हिंडू लागला. नळावर बाया म्हणत, माणूस चांगला, पण बिनविचारी हो. धाकटीचे भाऊ तिला न्यायला आले आणि म्हणाले, नवरा असा बिनविचारी निघाला, आता तू तरी विचार कर. ती गेली नाही. "मी इथून गेले," ती म्हणाली, "तर त्यांच्या बाजूनं बोलायला या गल्लीत कोण उरतं?"

तिला काय ठाऊक, की बोलू शकणारा एकच माणूस तिच्या समोरच्या पाटावर बसून रोज खाली मान घालून जेवतोय.

कागद आल्यावर आठवड्यानं व्यासनं सहा मिलिमीटरच्या सळईची दोन कडी केली. एक आतून चारशे चौसष्ट. गळा बाहेरून पाचशे, दोन्हीकडचा पत्रा वजा, दोन्हीकडचं रबर वजा; झाला होता तसा. दुसरं आतून चारशे अठ्ठ्याऐंशी. गळा आतून पाचशे असता, आणि मग रबर लागलं असतं, तर. दोन्ही कडी खांद्याला अडकवून तो बंबाच्या ठाण्यावर गेला. तो सिलिंडरवाला तिथेच पायरीवर बूट पुसत बसला होता. त्यानं व्यासला ओळखलं आणि उभा राहिला.

"भाऊ, एक करशील? ते सगळं एकदा अंगावर चढव."

त्यानं का म्हणून विचारलं नाही. मुखवटा, पट्टे, पाठीवर सिलिंडर, सगळं चढवलं आणि हात वर करून उभा राहिला. व्यासनं आधी लहान कडं त्याच्या डोक्यावरून खाली सोडलं. ते खांद्यांवरून उतरलं आणि सिलिंडरपाशी थांबलं. व्यासनं दाबलं. थांबलंच. मग मोठं कडं घेतलं. डोकं, खांदे, सिलिंडर, कंबर. कुठेही न टेकता ते त्या माणसाच्या पायांशी जमिनीवर पडलं आणि वाजलं.

सिलिंडरवाल्यानं मुखवटा काढला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मला वाटायचं मीच जाड झालोय," तो म्हणाला. "तेव्हापासून रात्रीचं जेवत नाही हो मी."

"जेवत जा," व्यास म्हणाला. "तुझा दोष नाही."

एवढं तो परक्या माणसाला सांगू शकला. घरी येऊन त्यानं दोन्ही कडी कारखान्याच्या भिंतीवर खिळ्याला टांगली.

"हे काय?" धाकटीनं विचारलं.

"नमुने."

तिथे ती कडी आठ वर्षं राहिली. दर शनिवारी धाकटी ती फडक्यानं पुसायची.

धाकट्याच्या जागी कामाला माणसं आली आणि गेली. शेवटी धाकटीच कारखान्यात उभी राहू लागली. पत्र्यावर खुणा करायला चांगली नजर लागते, ती तिला होती. हिशेब व्यासनं शिकवला.

"आरपार घे. बावीसनं गुण."

"आणि सातनं भागायचं. अहो, माहितेय. पण हे बावीस-सात आलं कुठून?"

व्यासनं तिच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्या छपराखाली कुणीतरी प्रश्न विचारला होता. "ठाऊक नाही गं," तो म्हणाला. "पण विचारत जा. विचारणं थांबवू नकोस."

ती थांबली नाही. पत्र्याची जाडी का मिळवायची, घेर जाडीच्या मधूनच का धरायचा, नळी बाहेरून का आणि टाकी आतून का, सगळं विचारून घेतलं. व्यास एकेक उत्तर देत गेला. शिक्षा सुनावणाऱ्यालाच कायदा शिकवतोय, हे त्याला कळत होतं. तरी तो शिकवत राहिला. कदाचित म्हणूनच शिकवत राहिला.

आठव्या वर्षीचा एक शनिवार. उन्हाचा झोत जमिनीवर होता. व्यास खडूनं वर्तुळ काढत होता. पाठीमागे टेपची पट्टी ओढल्याचा आवाज आला, मग सुटल्याचा. मग पुन्हा ओढल्याचा.

"दादा, हे लहान चारशे चौसष्ट. मोठं चारशे अठ्ठ्याऐंशी."

तो वळला नाही.

"म्हणजे फरक चोवीसचा," ती सावकाश म्हणाली. "चोवीस म्हणजे बारा आणि बारा. बाराचा पत्रा आपण टाकीच्या अंगाला वापरत नाही. गळ्याला वापरतो." ती थांबली. "आणि लहानात छत्तीस मिळवले, बारा-बारा पत्र्याचे आणि सहा-सहा रबराचे, तर बरोब्बर पाचशे होतात. दादा, इकडे बघा."

व्यासनं खडू खाली ठेवला. वळला, पण उठला नाही. वर्तुळाच्या आतच बसून राहिला.

"गळा मी बाहेरून धरला," तो म्हणाला. "आतून धरायचा होता. तो सिलिंडरवाला मोठ्या कड्यातून जातो. मी घालून बघितलंय."

"नियमच आहे ना? नळी बाहेरून."

ती त्याला दोर टाकत होती. त्यानं तो धरला नाही.

"नियम नंतर आठवला. आधी तुकडा दिसला. पंधराशे चाळीसचा तुकडा पडला होता, बाहेरून धरलं तर त्यात बसत होतं. म्हणून नियम."

धाकटी लहान कडं दोन्ही हातांत धरून उभी होती. बराच वेळ तिनं ते असं धरलं, जसं कुणी चाळणी धरावी.

"यांनी विचारलं होतं?"

"काय?"

"आतून का बाहेरून, हे यांनी विचारलं होतं का तुम्हाला?"

"विचारलं होतं," व्यास म्हणाला. "यातनं माणूस जायचाय, असंही म्हणाला."

"विचारलं होतं," ती म्हणाली. "आणि आठ वर्षं मी नळावर ऐकतेय, बिनविचारी. तुम्ही ऐकलंत. याच घरात बसून ऐकलंत. भाजी वाढ म्हणालात."

तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर व्यासला बरं वाटलं असतं.

"हे लिहून द्यायचं," ती म्हणाली. "त्या साहेबांना. शब्द न् शब्द. तुकड्याचंसुद्धा."

सोमवारी ते गेले. तो पुढे, ती चार पावलं मागे. आधीचे साहेब निवृत्त झाले होते. नव्या कारकुनानं फाईल शोधली, धूळ झटकली, आणि म्हणाला, "आजोबा, हे मिटलेलं प्रकरण आहे. कशाला उकरता? तुमच्यावरच येईल."

"म्हणूनच आलोय," व्यास म्हणाला. "लिहा. गळा कितीचा, तिथं पाचशेच्या पुढं एक शब्द राहिलाय."

"कुठला?"

"बाहेरून."

चार महिन्यांनी नवा कागद आला. त्यात धाकट्याविषयी 'दोर न बांधता' हे राहिलं. ते खरंच होतं. 'बिनविचारीपणा' गेला. त्या जागी गळ्याचं माप आलं आणि व्यासच्या कारखान्याचा परवाना रद्द झाला. रूळ थांबले. धाकटीनं कागदाची एक प्रत नळाच्या भिंतीवर डकवली. पावसानं तो कागद विरघळेपर्यंत एकही बाई त्याविषयी बोलली नाही. वाईट शब्दाला पाय असतात. चांगल्या कागदाला नसतात.

धाकटी घर सोडून गेली नाही. पूर्वीसारखं दोन वेळा पान वाढत राहिली. फक्त त्याला दादा म्हणायची थांबली. "जेवण झालंय," "पाणी आलंय," असं ती दोन खोल्यांमधल्या हवेला सांगे, आणि व्यास उठे. त्यानं कधी माफी मागितली नाही. मागायला तोंड उरलं नव्हतं, आणि ती देणार नाही हेही त्याला माहीत होतं. दुपारी तो रिकाम्या कारखान्यात जाऊन बसे. छपराचं भोक तसंच होतं. झोत जमिनीवरून सरकत भिंतीवर चढेपर्यंत तो बघत राही.

तिसऱ्या वर्षी त्याच्या छातीनं दम सोडला. चाळीस वर्षांची लोखंडाची धूळ आत बसली होती. इस्पितळात खाटेवर तो उशाला टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास येत नसे. ओठ निळे पडले होते. धाकटी शेजारी स्टुलावर होती.

तरुण डॉक्टरीणबाई आल्या. "तुम्ही यांच्या कोण?"

"भावजय."

"हे बघा आजोबा, तुमचा श्वास पुरत नाहीये. घशातून एक नळी घालायची आहे, मशीन हवा देईल. नळी असेपर्यंत बोलता येणार नाही. काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा." मग त्या परिचारिकेकडे वळल्या. "आठची नळी काढा."

व्यासनं हात वर केला. सगळे थांबले. त्याला दोन श्वास गोळा करावे लागले.

"आठ," तो म्हणाला. "आतून का बाहेरून?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. असं त्यांना आजवर कुणी विचारलं नसावं. "आतून," त्या म्हणाल्या. "आतून आठ मिलिमीटर. बाहेरून अकराच्या आसपास असते. आम्ही आतूनच धरतो. हवा आतून जायची ना."

धाकटी स्टुलावरून उठली होती. "दादा," ती म्हणाली. तीन वर्षांनी.

व्यासनं मान तिच्याकडे वळवली. परिचारिका नळी घेऊन आली होती, त्यामुळे वेळ थोडा होता. तो म्हणाला,

"बघ. नळीसुद्धा आतूनच मोजतात."